एकशे त्रेसष्ट लेकींचा मुराळी

२२ डिसें., सोम.
येळवस, वेळा अमावस्येचं रानजेवण, संपली. रानातली भज्जी कालपर्यंत पुरली, आंबील अजून गाडग्यात हाय. आज दुकान उघडलं. नऊ वर्षं झाली ह्या सेवा केंद्राला. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बाहेर एक बाकडं. आन नऊ वर्षं मी दुसऱ्यांनी बनवलेले फॉर्म भरायलेय. आज एका म्हाताऱ्याचा फॉर्म तीनदा भरला, तिन्ही वेळेस शेवटच्या बटणाला पान पांढरं फक्क. असा राग आला! म्हटलं, ही साइट बनवणाऱ्याला एकदा संतपुरात आणून ह्या बाकड्यावर सकाळपासून बसवा.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर हे हसले. "मग तूच बनव की."
चेष्टेनं म्हणाले. मी चेष्टेत घेतलं न्हाई.

२५ डिसें., गुरु.
औरादला गेले. नसरीन तिथं कॉम्प्युटरचे क्लास घेती. सव्वीस वर्षांची पोरगी, मी एक्केचाळीसची. मला अक्का म्हणती, पण चुकलं की डोळे असे वटारती की मी दुसरीतली झाले. सोमवार-गुरुवार, दोन दोन तास ठरलं.

वहीत पहिला प्रश्न लिहून नेला होता: पान बंद केलं की लिहिलेलं जातं कुठं?
"पान तो सिर्फ काउंटर है अक्का. माल अंदर गोदाम में रहता." गोदाम म्हंजे डेटाबेस. काउंटरवरचा माणूस चिठ्ठी घेऊन आत जातो, माल आणून देतो. तो सर्व्हर. एवढंच? नऊ वर्षं मला कुणी सांगितलं न्हाई.

२९ डिसें., सोम.
नसरीन म्हणाली, शिकायचं तर कामाचं काहीतरी बनवा. लगेच सुचलं. जत्रेला आपल्या गावात सगळ्या लेकींची ओटी भरतात, कुठल्याबी जातीची असो, कुठंबी दिलेली असो. कोण कुठं दिली ह्याची कमिटीची वही होती. ती उंदरांनी खाल्ली. आता नुसतं तोंडपाठ चाललंय, आन दरवर्षी कुणाची तरी लेक राहून जाती आन मग वर्षभर भांडण.
साइटचं नाव 'संतपूरच्या लेकी'. नाव तर झालं. बाकी सगळं राह्यलंय.

१ जाने., गुरु.
टेबल बनवलं!! नाव, माहेरचं घर, दिलेलं गाव, फोन. चार कॉलम. स्वतःच्या हातानं. ह्यांना स्क्रीन दाखवली, ते म्हणाले, "ह्यात काय हाय? रिकामं तर हाय." रिकामं बघून मला किती आनंद झाला ते ह्यांना कसं कळणार.

५ जाने., सोम.
प्रत्येक ओळीला एक अशी खूण पाहिजे की ती दुसऱ्या कुणाची नसावी. मी नाव धरलं. दुसऱ्याच दिवशी पाच सुनीता आल्या. मग फोन नंबर धरला. कोहिनूरला एकाच घरात दिलेल्या दोघी बहिणी, घरात फोन एकच. धाकटीला घेईचना. "आधीच हाय" म्हणायला लागलं. ती दुकानात येऊन म्हणती, "अक्का, थोरलीच तेवढी लेक हाय का गावाची? मी काय आभाळातून पडले?"
नसरीन पोट धरून हसली. म्हणाली, "नंबर दे दो सब को. एक, दो, तीन." लेकीला नंबर द्यायचा म्हंजे जनावराच्या कानात बिल्ला मारल्यागत वाटलं. पण दिला. धाकटी आता ४८. खूश हाय.

१२ जाने., सोम.
१३१ झाल्या. बाया दुकानात नुसत्या गप्पा मारायला यायल्यात. एकीची नोंद करायला बसली की शेजारणीच्या तीन आठवतात. आज चहा चारदा झाला, फॉर्मचं काम एकबी न्हाई. लई मजा.

१५ जाने., गुरु.
अप्पा दुकानात आले. माझे सासरे, जत्रा कमिटीचे म्होरके, एकाहत्तर वर्षांचे, कॉम्प्युटरपुढं आजवर बसले न्हाईत. आज बसले. चष्मा पुसून पुसून सगळं बघितलं. मग म्हणाले, "लेक कुठं दिली ते कळून काय उपयोग? तिला आणायला कोण जाणार ते लिही. मुराळी गेल्याबिगर लेक येती का?"
खरं हाय. आपल्याकडं नुसत्या निरोपावर कोण येतंय? भाऊ न्हाईतर बाप दारात जाऊन उभा राह्यला पाहिजे. नवा कॉलम: मुराळी.

मी हिंमत करून विचारलं, "अप्पा, आपल्या कमलपुढं कुणाचं नाव लिहू?"
अप्पा उठले. "तूर बघून येतो."
तूर सकाळीच बघून आले होते.

१६ जाने., शुक्र.
कमलची ओळ ७७. नाव हाय, हळ्ळीखेड हाय, फोन हाय. मुराळीचा खण रिकामा.
माझी एकुलती एक नणंद. सहा वर्षं झाली तिला माहेर न्हाई. कशामुळं? फेट्यामुळं! आमच्या घरभरणीला पाव्हण्यांना फेटे बांधत होते, आन नेमकं जावयाची, म्हंजे बसवराज अण्णांची, पाळी आली आन फेटे संपले. अप्पा म्हणाले, "तुम्ही घरचेच, नंतर बांधू." अण्णा पानावरून उठून गेले. हे दोनदा आणायला गेले हळ्ळीखेडला. अण्णा म्हणतात, ज्यांनी नंतर बांधू म्हटलं त्यांनी यावं. अप्पा म्हणतात, मी त्याच्या दाराला जाणार न्हाई. दोघं बी तसलेच. आन मधी कमल.
एकदा फोनवर म्हणाली होती, वहिनी, जत्रेचा दिवस आला की मी मुद्दाम रानात जाऊन बसते.

१८ जाने., रवि.
साइट चालू!!! नसरीन स्वतः आली, सगळं सर्व्हरवर चढवलं. आता कुणीबी कुठूनबी बघू शकतंय. जाताना तिनं सगळ्या टेबलाची एक कॉपी पेनड्राइव्हवर घेतली. मी म्हटलं, कशाला? म्हणाली, "हात लगाने से पहले कापी. हमेशा." मला वाटलं उगीच भीती.
१६३ लेकी. कमिटीनं देवळात माईकवर माझं नाव घेतलं. अप्पा आधी खोकले आन मग म्हणाले, "आमची सून हाय."

२२ जाने., गुरु.
काय करून बसले मी. 

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. कमलच्या ओळीतला रिकामा खण बघत बसले होते. म्हटलं, तिथं अप्पांचं नाव असतं तर कसं दिसलं असतं, एकदा बघावं. बघून लगेच काढू. नसरीननं शिकवलेलं अपडेट, म्हंजे ओळ बदलायचा हुकूम, लिहिलं. मुराळीच्या खणात 'गुरप्पा'. बटण दाबलं.
उत्तर आलं: १६३ ओळी बदलल्या.
एकशे त्रेसष्ट!
व्हेअर लिहिलंच न्हाई मी. कुणाच्या ओळीत ते सांगितलंच न्हाई. मग त्यानं सगळ्यांच्या ओळीत टाकलं. औरादच्या, उदगीरच्या, भालकीच्या, हैदराबादच्या, सगळ्या लेकींना आणायला एकटे अप्पा. आन मला वाटत होतं मी माझ्या कॉम्प्युटरवरच्या नकलेत करायलेय. ते बी न्हाई. खरंखुरं टेबल होतं.

नसरीनला फोन लावला, बंद. दुसऱ्या पोरांचा क्लास चालू असणार.

पाच मिनिटांत पहिला फोन. कमलनगरवरून. "वहिनी, अप्पा येणार म्हणून लिहिलंय. ट्रॅक्टरनं येणार का बैलगाडीनं?" मग दुसरा. मग तिसरा, "आमच्या सासूबाई पुरणाची तयारी करायलेत, अप्पांना पुरण चालतंय ना?" मी रडू का हसू.

संध्याकाळी अप्पा पारावरून आले ते तावातावानं. पारावर सगळ्यांनी घेरलं होतं. "अप्पा, आमची सविता उदगीरला हाय, तिला बी आणा." "अप्पा, आमची दोन लेकरांची हाय, टमटम लागंल." घरात येऊन ओरडले, "सुनंदा! मी गावाचा मुराळी कधी झालो?" हे मागं दारात तोंडावर टॉवेल धरून हसत होते. मी खरं सांगितलं, चूक झाली, माझी. एकच ओळ बदलायची होती. कुणाची, ते सांगितलं न्हाई. अप्पांनी बी विचारलं न्हाई. पण कळलं असावं, कारण भाकरी अर्धी टाकून उठले.

२३ जाने., शुक्र.
सकाळी सातला कमलचा फोन. मी उचलला तर नुसतं रडणं. मला वाटलं काय झालं. मग म्हणती, "वहिनी, अप्पा खरंच येणार?"
तिनं फक्त आपलं नाव शोधून बघितलं होतं. आपली एकच ओळ. बाकीच्या १६२ तिला माहीत न्हाईत.
"ह्यांना दाखवलं मी. काही बोलले न्हाईत. पण वहिनी, सकाळी उठून दाढी करून आले!"
मी तोंड उघडलं होतं सांगायला. आईशप्पथ उघडलं होतं. पण म्हटलं, "कमल, जरा गिऱ्हाईक आलंय."
गिऱ्हाईक कुठलं, कुत्रं बी नव्हतं दारात.

नंतर दुसरी भीती. हळ्ळीखेडला आपल्या गावची अजून एक लेक हाय. तिथल्या रेखाला फोन केला. ती हसून बेजार. "माझ्या पुढंबी अप्पाच की!" म्हटलं, रेखा, तुझ्या पाया पडते, कमलला सांगू नको. अण्णांना कळलं की ही चूक हाय तर ह्या जन्मात माहेर न्हाई तिला. रेखा म्हणाली, "मी कशाला सांगू? मला तर पुढं काय होतंय ते बघायचंय."

२४ जाने., शनि.
नसरीन आली. आधी माझ्याकडं बघून डोळे वटारले, मग खुर्चीत बसून पाच मिनिटं हसली. "हौ अक्का, ऐसाच होता. मैं भी कॉलेज में एक बार सब पोरों को नापास कर दी थी." पेनड्राइव्ह काढला. रविवारची कॉपी. त्यात सगळ्यांचे मुराळी नीट. कुणाचा भाऊ, कुणाचा चुलता, एकीची तर आईच.

म्हणाली, सगळं परत टाकते. मी तिचा हात धरला. ७७ सोडून. "क्यूं?" मग तिला सगळं सांगितलं, फेट्यापासून दाढीपर्यंत. तिनं की-बोर्ड माझ्याकडं सरकवला. "तुम लिखो. तुम्हाराच काम है."
लिहिलं. १६२ ओळी बदलल्या. ह्या वेळेस व्हेअर होतं, आन तीनदा वाचून बघितलं.
खण ७७: गुरप्पा. तसाच.
ती जाताना म्हणाली, "अक्का, टेबल में झूठ नक्को रखो. या तो निकालो, या सच करो." सव्वीस वर्षांची पोरगी!

२५ जाने., रवि.
अप्पांना सांगितलं. ओसरीत बसून तूर निवडत होते. सगळं सांगितलं. कमलचा फोन, तिचं रडणं, अण्णांची दाढी बी.
बराच वेळ तूर निवडली. मग, "मी सांगितलं व्हतं का लिही म्हणून?"
"न्हाई अप्पा."
"मग कामून लिहिलंस?"
"लिहिलेलं कसं दिसतंय ते बघायचं होतं."
खडा उचलून अंगणात भिरकावला. कोंबडी पळाली.
"खोडता येतंय का ते?"
"येतंय. एकच ओळ लिहायची. तुम्ही म्हणा, आत्ता खोडते. आन कमलला फोन बी मीच करते. चूक माझी हाय."
काही म्हणाले न्हाईत. मी थांबले. अप्पांनी तुरीची पुढची मूठ घेतली. मग मी स्वयंपाकाला गेले.

२८ जाने., बुध.
तीन दिवस झाले, अप्पा रोज दुकानात येऊन बाकड्यावर बसायलेत. पाणी पितात. मग आत डोकावून, "हाय का ते?"
"हाय."
"खोडलं न्हाईस?"
"तुम्ही म्हटला न्हाईत."
"हूं." आन जातात.

आज जरा जास्त बसले. विचारलं, "हे असतंय कुठं लिहिलेलं? कागद तर दिसंना." मी नसरीनचं गोदाम सांगितलं. काउंटर सांगितलं. म्हणाले, "मग गोदाम एक हाय. आन इथं बी दिसतंय, हळ्ळीखेडला बी दिसतंय?"
"व्हय. एकाच वेळी."
"म्हंजे आत्ता ती बघत असंल."
"असंल की."
अप्पा स्क्रीनकडं बघत राह्यले. मग हळूच बोट लावून बघितलं, त्यांच्या नावावर. स्क्रीनवर बोटाचा ठसा उमटलाय. मी पुसला न्हाई.

३१ जाने., शनि.
कमलचा फोन. आता रोजच असतो. लुगडं कुठलं नेसू, पोरांच्या शाळेचं काय करू. आज म्हणाली, अण्णांनी दारापुढची गटार साफ करून घेतली. "कुणी पाव्हणं येणार का?" म्हणून शेजाऱ्यानं विचारलं तर म्हणाले, "वास येत होता."
मी इतकी हसले की गिऱ्हाईक दचकलं. फोन ठेवल्यावर कॅलेंडर बघितलं. आठ दिवस राह्यले जत्रेला. कुणाकुणाच्या घरचे मुराळी निघाले बी.

हे म्हणाले, "मी जातो परत, अप्पांच्या नावानं." म्हटलं, तिसऱ्यांदा जाऊन रिकाम्या हातानं परत येणार का? 

२ फेब्रु., सोम.
आज मी रागावले. सासऱ्यावर. जन्मात पहिल्यांदा.
अप्पा आले, "हाय का ते?" मी म्हटलं, "अप्पा, रोज काय विचारताव? हाय म्हटलं की जाताव, आन तिकडं ती पिशवी भरून बसली हाय. हो म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा. न्हाई म्हटलात तर मी आत्ता तुमच्यासमोर खोडते आन तिला फोन लावते. पण तिचं रडणं तुम्ही ऐकायचं. फोन तुमच्या कानाला लावणार मी."
दुकानात दोन बाया होत्या. दोघी भिंतीकडं बघायला लागल्या.
अप्पांनी चष्मा काढला, घातला. "लई बोलायलीस," म्हणाले आन गेले.
लई बोलले. खरंच लई बोलले. पण बरं वाटलं.

३ फेब्रु., मंगळ.
अप्पा दुकानात आले न्हाईत. दिवसभर बाकडं रिकामं बघून मला कसंनुसं झालं. क्लासला बी सोमवारी गेले न्हाई, नसरीनचा निरोप आला, दोन टेबलं एकमेकांना जोडायची कशी ते शिकवणार होती. म्हटलं, आधी हे एक निस्तरू दे.

४ फेब्रु., बुध.
संध्याकाळी न्हाव्याला घरी बोलावलं अप्पांनी. दाढी केली!! हे आन मी स्वयंपाकघरातून एकमेकांकडं बघत होतो, बोलायची सोय न्हाई.
जेवताना अप्पा म्हणाले, "बिदरला गाडी बदलावी लागती का थेट हाय?"
ह्यांचा घास हातातच. "बदलावी लागती अप्पा. मी येऊ का संगं?"
"मी काय लेकरू हाय?"
मी हळूच म्हटलं, "अप्पा, एक फेटा घेऊन जावा की. कपाटात नवा हाय."
"फेटा-बिटा काही नेणार न्हाई. लेकीला आणायला जायलोय. जावयाला न्हाई."
बरं बाबा. तेवढं तरी.
माझे हात भाकरीच्या पिठात होते, तशीच मागच्या दारी जाऊन नाचले. कुणी बघितलं न्हाई. म्हशीनं बघितलं.

५ फेब्रु., गुरु.
अप्पा सकाळी साडेसातच्या बसनं गेले. पांढरं धोतर, हातात पिशवी, पिशवीत रानातल्या तुरीच्या शेंगा. फोन घेतला पण बंद करून ठेवला, "बॅटरी जाती" म्हणून. कमलला मी काही कळवलं न्हाई. अप्पांनी बजावलं होतं, "आधी सांगू नको. मधून परत फिरावं वाटलं तर?"
ह्या वाक्यानं सकाळपासून माझ्या जिवाला घोर.

साडेअकरा. गिऱ्हाईक हाय, पण मी तिघांचे आधार नंबर चुकवले.

बारा चाळीस. कमलचा फोन. कुजबुजत. "वहिनी, अप्पा आलेत! समोर पिठाच्या गिरणीपाशी उभे हायत. अर्धा तास झाला. इकडं बघतात आन तिकडं बघतात. येईनात."
"अण्णा कुठायत?"
"आत. खिडकीतून बघायलेत. ते बी बाहेर जाईनात. चहा ठेव म्हणाले, म्हणून ठेवला, तो उकळून आटला. वहिनी, मी काय करू?"
"तू जा."
"मी? मुराळ्याला दारात यायचं असतंय. लेकीनं रस्त्यावर जाऊन आणायचं असतंय का? लोक काय म्हणतील?"
"कमल," मी म्हटलं, "ते नाव मी लिहिलं होतं. चुकून. अप्पांनी न्हाई."
म्हणायचं नव्हतं. तोंडातून गेलं. पण आता टेबलात खोटं नको होतं.
 मला वाटलं, घालवलं मी सगळं.
मग तिनं हळूच विचारलं, "मग आले कामून?"
"तूच विचार की त्यांना."

तिनं फोन ठेवला न्हाई. चपला शोधल्याचा आवाज आला. मग मागून अण्णांचा, "कुठं निघालीस?"  मग चालल्याचा आवाज. गिरणीची घरघर हळूहळू मोठी झाली, मोठी झाली, इतकी की बाकीचं कसंबसं ऐकू येत होतं. त्या घरघरीत तिनं एकदा हाक मारली, "अप्पा". लहानपणी मारत असंल तशी.
आन तिच्या मागून अजून एका माणसाच्या चपला, अण्णांच्याच असणार. जड. पळत आल्यासारख्या.
मग फोन कट.

चारदा लावला. कोण उचलंना. दोन वाजायला आले. बाकड्यावर बाया खोळंबल्यात, मी म्हटलं, थांबा जरा, आज सर्व्हर बंद हाय.